यकृत प्रत्यारोपणाच्या पॅकेजमध्ये नर्सिंगचे तास कसे धरायचे?

प्रश्न थोडक्यात असा: रुग्णालयात किडनी प्रत्यारोपण दोन वर्षांपासून चालू आहे, आता जिवंत दात्याकडून यकृत प्रत्यारोपण सुरू होणार आहे. पॅकेज ठरवायचंय म्हणून अकाउंट्सनं मेट्रनकडे नर्सिंगचा खर्च मागितलाय आणि हिशेबाची चौकटही सोबत दिलीय: पहिले दोन दिवस १:१ (एका सिस्टरकडे एकच रुग्ण), पुढचे तीन दिवस १:२, मग तेरा दिवस वॉर्डात १:६. ही चौकट बरोबर आहे का, आणि नसेल तर कोणता स्कोअर वापरायचा, हे तुम्ही विचारलंय.

स्कोअरकडे नंतर येऊ. आधी चौकटीबद्दल. १:१, १:२ ही प्रमाणं ड्युटी लावण्यासाठी आहेत. आज रात्री किती सिस्टर लागतील हे त्यांवरून ठरवता येतं. रुग्णामागे किती खर्च झाला हे मात्र त्यांवरून निघत नाही, कारण प्रमाण मोजतं खाट, आणि पगार जातो तासांना. प्रत्यारोपणात तर तास दोन रुग्णांवर, दोन ऑपरेशन थिएटरमध्ये आणि तीन-चार वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतात. म्हणून तुम्हाला दोन आकडे हवेत: एका प्रत्यारोपणामागे नर्सिंगचे एकूण तास किती, आणि तुमच्याकडच्या एका तासाची खरी किंमत किती.

पुढचे सगळे आकडे नमुन्याचे आहेत, कारण बरंच काही तुमच्या युनिटवर अवलंबून आहे. रुग्णाची श्वासाची नळी थिएटरमध्येच निघते की दुसऱ्या दिवशी, एचडीयू (आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधलं युनिट) आहे की आयसीयूतून थेट वॉर्ड, रात्री फिजिओथेरपिस्ट असतो का, फार्मसी डोसनुसार औषधं वर पाठवते की सिस्टरलाच इंडेंट (मागणी) टाकून आणावी लागतात, यांतल्या प्रत्येकानं तास बदलतात. पद्धत तशीच ठेवा, आकडे तुमचे घाला.

आयसीयूसाठी मी नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर, म्हणजे एनएएस, सुचवेन. त्याआधीचा टिस-२८ (१९९६) सोपा आहे. त्यात एका गुणाला १०.६ मिनिटं आणि ४६ गुण म्हणजे एका नर्सची एक पाळी. पण तो मुख्यतः उपचार आणि उपकरणं मोजतो. २००३ साली आलेल्या एनएएसमध्ये २३ बाबी आहेत आणि त्यांत अंघोळ-स्वच्छता, कूस बदलणं, नातेवाइकांशी बोलणं, कागदपत्रं हेही आहे. टिस-२८ नर्सच्या वेळापैकी सुमारे ४३ टक्के पकडायचा, एनएएस ८१ टक्के पकडतो. हिशेबही सरळ आहे: १०० गुण म्हणजे एका नर्सचं २४ तासांचं काम, म्हणून एक गुण म्हणजे १४.४ मिनिटं.

यकृत घेतलेल्या रुग्णाचा पहिला दिवस मांडून पाहू. सुरक्षिततेसाठी एखाद्या पाळीत ४ तास किंवा जास्त खाटेशी थांबणं १९.६, तपासण्या ४.३, औषधं ५.६, स्वच्छता ४.१, ड्रेनची (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीची) काळजी १.८, तीनपेक्षा जास्त वेळा किंवा दोघींनी मिळून कूस बदलणं १२.४, नातेवाइकांना सुमारे तासभर ४.०, नेहमीची नोंद ४.२, श्वसनाचा आधार १.४, नळीची काळजी १.८, फुफ्फुसांचे व्यायाम-सक्शन ४.४, रक्तदाबाची इन्फ्युजन्स १.२, मोठ्या प्रमाणात द्रव भरून काढणं २.५, लघवीचं मोजमाप ७.०, ॲसिडोसिसचा (रक्तातली आम्लता वाढण्याचा) उपचार १.३. बेरीज ७५.६, म्हणजे १८.१ तास. थिएटरमधून भरती करून घेताना आणि प्रोटोकॉलच्या नोंदींत एखाद्या पाळीत पूर्ण लक्ष घालून सुमारे २ तास गेले असतील, तर नोंदीच्या ४.२ ऐवजी २३.२ धरायचे. मग बेरीज ९४.६, म्हणजे २२.७ तास. त्यात सीआरआरटी (आयसीयूत सतत चालणारं डायलिसिस) लागलं तर ७.७ वाढून १०२.३ होतात. अशा रुग्णाला एक नर्ससुद्धा अपुरी पडते.

आता चौथा दिवस. नळी निघाली, इन्फ्युजन्स बंद झाली, रुग्ण ऑक्सिजनवर आहे. अकाउंट्सच्या चौकटीत तो आता १:२, म्हणजे १२ तासांचा. खाटेशी थांबणं एका पायरीनं उतरून १२.१ झालं; नळी, इन्फ्युजन्स, द्रव भरणं आणि ॲसिडोसिसचे गुण गेले; बाकी सगळं तसंच राहिलं. बेरीज येते ६१.३, म्हणजे १४.७ तास. श्वसनाचा आधार, नळी आणि रक्तदाबाची औषधं या तिन्हींचे मिळून फक्त ४.४ गुण होते, २४ तासांत साधारण ६३ मिनिटं. नातेवाइकांशी बोलण्याचे एकट्याचे ४.० आहेत. व्हेंटिलेटर निघाला की रुग्ण 'हलका' झाला, हा समज इथेच चुकतो. उलट शुद्धीवर आलेल्या, स्टेरॉइडमुळे झोप उडालेल्या, ड्रेन ओढू पाहणाऱ्या रुग्णाजवळून सिस्टरला हलता येत नाही.

एनएएस भरताना काही चुका हमखास होतात. पाळीनुसार गुण दिले तर तिन्ही पाळ्यांची बेरीज करायची नाही, सरासरी काढायची. प्रत्येक पाळीचा गुण हा त्या पाळीतल्या एका नर्सच्या वेळेचा टक्का असतो. खाटेशी थांबणं, स्वच्छता, हालचाल, नातेवाईक आणि कागदपत्रं या पाच बाबींत मतभेद होतात, म्हणून 'तुमच्याकडे' कशाला काय म्हणायचं हे अर्ध्या पानावर लिहून ठेवा. गुण दोघी-तिघींनीच भरावेत, आणि दहातल्या एका रुग्णाचे गुण दुसरीनं न बघता पुन्हा भरावेत. आकडे जुळले नाहीत तर ते अर्धं पान सुधारा. आणि कृपा करून हे गुण कुणाच्याही अप्रेझलला जोडू नका. जोडले, की पुढच्या महिन्यात सगळेच रुग्ण १००च्या वर जातात आणि मोजणी फुकट जाते.

किडनीचं थोडं वेगळं आहे. तो रुग्ण बहुतेक वेळा व्हेंटिलेटरवर नसतोच, म्हणून पहिल्या दिवसापासून १:२ धरला जातो. पण नवी किडनी चालू झाली की तासाला अर्धा-एक लिटर लघवी होऊ शकते, आणि दर तासाला ती मोजून त्यानुसार सलाइनचा वेग बदलावा लागतो. एनएएसमध्ये लघवीच्या मोजमापाचे ७.० आणि द्रव भरून काढण्याचे २.५ मिळून ९.५ गुण, म्हणजे १३७ मिनिटं. चोवीस फेऱ्यांत वाटली तर एका फेरीला सहा मिनिटंसुद्धा येत नाहीत. युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करणं, नोंद, बेरीज-वजाबाकी, पंप बदलणं, चार ते सहा तासांनी इलेक्ट्रोलाइट्सचा नमुना, हे सहा मिनिटांत होतं का ते घड्याळ लावून पाहा. न बसल्यास फरक 'स्थानिक भर' म्हणून वेगळा लिहा, मूळ गुणांत मिसळू नका. पहिल्या २४ तासांना किडनीचा रुग्ण १:१ धरावा, असं माझं ठाम मत आहे.

वॉर्डासाठी एनएएस वापरू नका, तो आयसीयूचा आहे. तिथे वर्क सॅम्पलिंग करा. ठरावीक नसलेल्या वेळी चक्कर मारायची आणि त्या क्षणी प्रत्येक सिस्टर काय करतेय एवढंच टिपायचं. पाच रकाने पुरतात: रुग्णाजवळचं काम, रुग्णासाठीचं पण दूरचं काम (औषध तयार करणं, चार्ट, ओव्हर म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती देणं-घेणं), वॉर्डाचं सामाईक काम, स्वतःचा वेळ, आणि नर्सचं नसलेलं काम. एखादं काम वेळेच्या ३० टक्के असेल आणि ते ३ टक्क्यांच्या फरकानं मोजायचं असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी साधारण ९०० निरीक्षणं लागतात. एका चकरेत सहा सिस्टर दिसत असतील तर १५० चकरा. तिन्ही पाळ्यांत आणि रविवारी धरून दोन-तीन आठवड्यांत होतात. पाचव्या रकान्याकडे नीट बघा. पंप शोधणं, लॅबला फोन, बिलाच्या चौकश्या, फार्मसीच्या खेपा हे वॉर्ड क्लार्क, मामा आणि मावशींकडे देता येतं. काळजी कमी न करता तास वाचवायची ती एकमेव जागा आहे.

वॉर्डातला प्रत्यारोपणाचा रुग्ण १:६ मध्ये का बसत नाही? १:६ म्हणजे दिवसाला ४ तास. आता त्याचा दिवस बघा. टॅक्रोलिमस (शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध) मोजायला रक्ताचा नमुना सकाळच्या डोसच्या आधी, आदल्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचा. आधी गोळी दिली गेली तर रिपोर्ट निरुपयोगी ठरतो आणि डोस चुकीचा बदलला जातो. म्हणजे नमुना निघेपर्यंत एका सिस्टरनं ती गोळी स्वतःच्या ताब्यात ठेवायची. दिवसाला चार वेळा शुगर, रोज वजन, ड्रेसिंग, ड्रेनचं माप, डॉपलर सोनोग्राफीला नेणं-आणणं. त्यात वेगळ्या खोलीत जाताना दर वेळी हात धुणं, गाऊन, मास्क. एका वेळेला दोन मिनिटं आणि दिवसात ४० खेपा धरल्या तरी ८० मिनिटं निव्वळ आत-बाहेर करण्यात जातात. म्हणून मी वॉर्डाला साडेपाच तास धरतो, आणि घरी जाण्याआधीचं शिक्षण त्याबाहेर, वेगळे ६ तास. औषधांची नावं आणि वेळा, ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर लगेच फोन, उलटी झाली तर डोसचं काय करायचं, रोजचं वजन आणि लघवी कुठे लिहायची, आणि शेवटचे दोन-तीन दिवस रुग्णानं किंवा घरात गोळ्या देणाऱ्या माणसानं औषधांचा डबा सिस्टरसमोर स्वतः भरणं. हे तास कागदावर वेगळे दिसले नाहीत तर पहिल्या गर्दीच्या दिवशी तेच कापले जातात, आणि डोस चुकून रुग्ण रिजेक्शन (शरीरानं अवयव नाकारणं) घेऊन परत येतो.

आता दाता. जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणात हा दुसरा रुग्ण असतो, तोही घरातून निरोगी आलेला, मोठी शस्त्रक्रिया झालेला. अकाउंट्सच्या चौकटीत तो कुठेच नाही. एचडीयूत दोन दिवस १० तासांप्रमाणे २०, वॉर्डात पाच दिवस साडेचार तासांप्रमाणे २२.५, एकूण ४२.५ तास. दोघं वेगळ्या खोल्यांत असतात, तेव्हा 'एकच सिस्टर दोघांना बघेल' हे मान्य करू नका. थिएटरमध्ये यकृत घेणाऱ्याकडे १० तास तिघी, दात्याकडे ७ तास दोघी, आणि मांडामांड-आवराआवर दोन तास पाचही जणी: ३० अधिक १४ अधिक १०, म्हणजे ५४ तास. मात्र हे तास ओटी चार्जेसमध्ये आधीच धरलेले नाहीत ना, ते अकाउंट्सला विचारून घ्या, नाहीतर दोनदा मोजले जातील.

यकृत घेणाऱ्याचे तास असे: पहिला दिवस २२.७, दुसरा १८.१, तिसरा ते पाचवा १४.७ प्रमाणे, म्हणजे आयसीयूत ८५. एचडीयूत चार दिवस ८ प्रमाणे ३२. वॉर्डात नऊ दिवस ४९.५. शिक्षण ६. एकूण १७२.५. दाता आणि थिएटर मिळवून २६९ तास. अकाउंट्सची चौकट देते ४८ अधिक ३६ अधिक ५२, म्हणजे १३६. फरक १३३ तासांचा आहे आणि तो कुठून आला ते त्यांना दाखवा: थिएटर ५४, दाता ४२.५, आणि रुग्णाच्या स्वतःच्या खाटेवर फक्त ३६.५. म्हणजे तुम्ही जास्तीच्या सिस्टर मागताय असं नाही. जी कामं होणारच आहेत ती त्यांच्या कागदावर नव्हती.

तासाची किंमत काढताना याहून मोठी चूक होते. समजा एका सिस्टरवर वर्षाला सगळं धरून (पगार, पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी, विमा) ४,८०,००० रुपये जातात. ३६५ दिवस गुणिले ८ तासांनी भागलं तर १६४ रुपये येतात. पण ती ३६५ दिवस येत नाही. साप्ताहिक ऑफ ५२, रजा ३६, सणांच्या सुट्ट्या ८, प्रशिक्षण ५. शिवाय प्रसूती रजा: २०१७ पासून ती २६ आठवडे आहे. १०० जणींमध्ये वर्षाला सहा जणी त्या रजेवर गेल्या तर प्रत्येकीमागे सरासरी ११ दिवस पडतात. एकूण ११२ दिवस गेले, उरले २५३. त्या दिवसांतही ओव्हर देणं-घेणं आणि जेवण यांत साधारण तास जातो. एनएएसच्या २३ बाबींत जेवणाची सुट्टी नाही, म्हणून इथे वजा करायची. २५३ गुणिले ७ म्हणजे १,७७१ तास. ४,८०,००० भागिले १,७७१ म्हणजे २७१ रुपये.

अकाउंट्सचा आकडा १३६ गुणिले १६४, म्हणजे साधारण २२ हजार. तुमचा २६९ गुणिले २७१, म्हणजे साधारण ७३ हजार. तिपटीहून जास्त. तुमच्या पगारांनी दोन्ही आकडे बदलतील, प्रमाण फारसं बदलणार नाही.

इथेच थांबू नका, कारण सरासरी तासांवरून माणसं भरली तर युनिट चालणार नाही. महिन्याला दोन, वर्षाला २४ प्रत्यारोपणं धरू. थिएटर वगळून २१५ तासांप्रमाणे ५,१६० तास, भागिले १,७७१: तीन नर्ससुद्धा लागत नाहीत असं उत्तर येतं. पण एक १:१ खाट चोवीस तास चालवायला, तीन पाळ्या गुणिले ३६५/२५३ (१.४४), ४.३ सिस्टर लागतात. प्रत्येक पाळीत प्रत्यारोपण शिकलेल्या किमान दोघी हव्यात, कारण एक जेवायला गेली किंवा रुग्ण पुन्हा थिएटरमध्ये गेला तर दुसरी हवी. म्हणजे ८.७, सोडून जाणाऱ्या धरून ११-१२ जणींचा संच. प्रत्यारोपण नसेल तेव्हा या सिस्टर आयसीयूतले बाकीचे रुग्ण बघतील, त्यामुळे त्यांचा सगळा पगार प्रत्यारोपणावर टाकायचा नाही. टाकायचं ते प्रशिक्षण आणि तयारीचा खर्च. नवी सिस्टर तीन महिने जोडीनं शिकते, तेव्हा ती संख्येत धरायची नाही. तिचे १,२०,००० रुपये त्या काळात जातात. आखातात, जर्मनीत किंवा दुसऱ्या रुग्णालयात वर्षाला चौघी गेल्या तर ४,८०,०००, म्हणजे प्रत्येक प्रत्यारोपणामागे २०,०००. ही ओळ वेगळी दाखवा. मग चांगल्या सिस्टरला टिकवायला पगार वाढवणं स्वस्त पडतं की नवी घडवणं, हे व्यवस्थापनाला त्यांच्याच भाषेत दिसेल. नर्सिंगच्या विद्यार्थिनी मात्र कोणत्याही रकान्यात धरू नका.

मेंदूमृत दात्याकडून अवयव येतील तेव्हा हिशेब पुन्हा बदलतो. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राचा, झेडटीसीसीचा, फोन केव्हाही येतो आणि यकृत थांबत नाही. त्यामुळे ऑन-कॉल भत्ता आणि डबल ड्युटीचे तास येतात, ते नेहमीच्या दरानं मोजू नका. दाता तुमच्याच आयसीयूत असेल तर मेंदूमृत्यूच्या दोन चाचण्यांमध्ये किमान ६ तासांचं अंतर, मग संमती, वाटप, टीम येणं, आणि तोवर रक्तदाब, सोडियम, तापमान, लघवी सांभाळणं. ती पूर्ण १:१ खाट आहे, आणि नातेवाइकांसोबतचा वेळ एनएएसच्या वरच्या पायरीचा (३ तास किंवा जास्त, ३२.० गुण) असू शकतो. संमतीनंतरचा दात्याच्या देखभालीचा आणि अवयव काढण्याचा खर्च नियमांनुसार दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. तो बिलात चुकून जाऊ नये म्हणून संमतीच्या क्षणापासून तासांची नोंद वेगळ्या शीर्षाखाली सुरू करा. प्रत्यारोपण समन्वयक रुग्णालयाच्या नोंदणीसाठी कायद्यानं लागतोच. त्याचा पगारही नर्सिंगच्या तासांत मिसळू नका, भले तो मूळचा नर्स असो.

पॅकेज सरासरीवर बांधलं तर एक-दोन अवघड रुग्ण सगळं खाऊन टाकतात. यकृताच्या रोहिणीत गुठळी, पुन्हा उघडावं लागणं, जंतुसंसर्ग, सीआरआरटी यांतल्या कुठल्याही कारणानं आयसीयूचे दहा दिवस वाढले आणि रोज १८ तास धरले तरी १८० तास वाढतात, म्हणजे जवळपास दुसऱ्या रुग्णाएवढे. म्हणून मधला रुग्ण (मीडियन) आणि दहातला सगळ्यात जड रुग्ण असे दोन आकडे द्या. पॅकेज मधल्यावर ठेवा, आयसीयूच्या दिवसांची मर्यादा त्यात स्पष्ट लिहा, आणि त्यापुढचा दर रोजच्या तासांवरून ठरवून आधीच रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगा. ऐन संकटात वाढीव बिलाची बातमी सिस्टरच्या तोंडून जाऊ नये.

सुरुवात किडनीपासून करा, ते रुग्ण आज तुमच्याकडे आहेत. तीन महिने येतील तेवढ्या सगळ्यांचे एनएएस रोज भरा, सोपे-अवघड असं निवडू नका. त्यातून अर्ध्या पानाच्या व्याख्या पक्क्या होतील आणि सिस्टरांचा हात बसेल. यकृताचे पहिले पाच रुग्ण हिशेबात वेगळे ठेवा, कारण नव्या कार्यक्रमात प्रत्येक काम हळू होतं. सहाव्यापासूनचे तास पॅकेजला वापरा. आणि थिएटरमध्येच नळी काढायला सुरुवात झाली, किंवा एचडीयू नव्यानं उघडलं, की त्या महिन्यापासून मोजणी पुन्हा करा. पहिल्या दिवसाचे तास तेव्हा कमी होतील, पण त्यांतले बरेच तिसऱ्या-चौथ्या दिवशी एचडीयूत सापडतील.